पाठिंबा आणि ट्रंक

झाशीच्या मानिक चौकात मी देशद्रोही ठरलो तो पान खाता खाता. तारीख १० मे २०२५, वेळ संध्याकाळची. भारत-पाकिस्तान युद्धविरामाची बातमी नुकतीच आली होती. मी चुन्याचं बोट पुसत एवढंच म्हणालो, ‘‘थांबलं ते बरं झालं.’’ शेजारचे कापडवाले शेठ वळले. ‘‘यानी मास्टरजी, आप जवानों के साथ नहीं हैं?’’

शेठ जवानांसोबत आहेत, हे त्यांच्या दुकानावरच्या फ्लेक्सवरून कुणालाही कळावं. वर जवान, खाली शेठ. फक्त शेठचा फोटो चार बोटं मोठा. त्यांना आणखी आठ-पंधरा दिवस तरी युद्ध हवं होतं. ‘‘मुलाला फौजेत का नाही धाडलं?’’ विचारलं, तर म्हणाले, ‘‘इकलौता है.’’ जवान बहुधा डझनाच्या भावानं जन्माला येतात.

मी पडलो निवृत्त मास्तर, पानवाल्याची उधारी ठेवून पळालो की सुटलो. परराष्ट्र सचिव विक्रम मिस्री कुठे पळणार? युद्धविराम त्यांनी ठरवला नव्हता, फक्त जाहीर केला होता. तरी त्यांना आणि त्यांच्या घरच्यांना समाजमाध्यमांवर इतक्या शिव्या पडल्या की आपलं खातं त्यांना कुलूपबंद करावं लागलं.

खरं तर युद्ध म्हणजे काय हे या चौकाला कुणी सांगायला नको. राणीमहाल इथून हाकेच्या अंतरावर. एप्रिल १८५८मध्ये इंग्रज सेनापती ह्यू रोझची फौज शहरात घुसली, तेव्हा पेणजवळच्या वरसईचे विष्णुभट गोडसे इथंच अडकले होते. भटजी घरून निघाले होते बायजाबाई शिंद्यांच्या यज्ञातली दक्षिणा मिळवायला. नशिबी आलं ते शहराची लूट आणि कत्तल बघणं. त्यांचं ‘माझा प्रवास’ काढून बघा. राणीबद्दल त्यात अपार आदर आहे आणि घराघरांत जीव मुठीत धरून बसलेली माणसंही आहेत. लढणाऱ्याचं कौतुक आणि लढाईची धास्ती, दोन्ही एका भिक्षुकाच्या पगडीखाली मावलं. शेठच्या टोपीखाली तेवढी जागा निघत नाही.

आता युद्ध नको म्हणणाऱ्या आम्हा मंडळींनी फार पुण्य जोडलंय, असंही नाही. १९८७मध्ये दिल्लीनं श्रीलंकेत शांतिसेना धाडली. अकराशेहून अधिक जवान तिकडून परतले नाहीत. त्यात मुंबईत जन्मलेले, ८ महारचे मेजर रामस्वामी परमेश्वरन होते. २५ नोव्हेंबर १९८७ रोजी ते पडले, मागाहून परमवीरचक्र मिळालं. त्यांच्या महार रेजिमेंटचं केंद्र सागरला, म्हणजे आमच्या बुंदेलखंडातच. मार्च १९९०मध्ये शेवटची तुकडी मद्रासला उतरली, तेव्हा मुख्यमंत्री करुणानिधी स्वागताला गेले नाहीत. मोहिमेला विरोध, म्हणून! निर्णय दिल्लीचा आणि रुसवा कुणावर, तर बोटीतून उतरणाऱ्या शिपायावर. सासूचा राग वासरावर काढावा तसं.

परवा झाशी स्टेशनात सागरकडे जाणाऱ्या गाडीत चढलो. संडासाच्या दाराशी काळी लोखंडी ट्रंक, तिच्यावर पांढऱ्या रंगात नाव आणि नंबर, आणि ट्रंकेवर बसलेला एक पोरगेला जवान. तिकीट वेटिंगमध्येच राहिलेलं. मागून आवाज आला, ‘‘भैया, ट्रंक ज़रा हटाओ.’’ आमचे शेठ! बिन्याला लग्नाला निघाले होते. पोरगा उठला, ट्रंक उभी केली, पोट आत घेऊन भिंतीला चिकटला. शेठ पुढं सरकले. फ्लेक्सवरच्या जवानाला ओळखणं सोपं असतं, त्याच्याजवळ सामान नसतं.

मी त्या पोराला विचारलं, पुन्हा युद्ध होईल असं वाटतं का? तो म्हणाला, ‘‘चाचा, घर बन रहा है. स्लैब बाकी है.’’

गाडी सुटली. ट्रंक परत दारात आली, पोरगा परत ट्रंकेवर बसला. शेठचा बर्थ खालचा होता, खिडकीचा.