एकास दहा

रिमोटवर चालणाऱ्या गाड्यांमध्ये एक जात अशी आहे, की तिच्यावर सगळी मेहनत घ्यायची ती तिचा वेग कमी करण्यासाठी. तिला रॉक क्रॉलर म्हणतात. बाकीच्या गाड्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये सुसाट सुटतात, खांबाला धडकतात आणि संध्याकाळपर्यंत मालकाइतक्याच दमतात. क्रॉलर मात्र एका दगडापाशी जाते, पुढचं चाक त्याच्या अंगावर टेकवते, आणि मग कीर्तनकारानं अभंगाचं पहिलं चरण घोळवत राहावं तशी तिथेच रेंगाळते. पाहणाऱ्याला वाटतं, काहीच घडत नाहीये. घडत असतं, पण ते दिसायला उकिडवं बसावं लागतं. टायरचं मऊ रबर दगडाच्या खाचेत अंग दुमडून शिरतं, मागचा एक्सल एका बाजूला कलतो, एक चाक हवेत उचललं जातं आणि गाडी बोटभर वर सरकते. या बोटभर चढण्यासाठी जगभरातली एरवी शहाणी, पेन्शनीत निघालेली माणसं रात्र-रात्र अॅलन की घेऊन बसतात. मी त्यांच्यातला एक.

हळू जाणं फुकट मिळत नाही. मोटरच्या आत तांब्याच्या तारेचे वेढे असतात. शर्यतीच्या गाडीला ते थोडे लागतात, क्रॉलरला 35, 45, नाही तर 55. वेढे वाढले की मोटर सावकाश फिरते आणि जोर मात्र जास्त लावते, म्हणजे वयाबरोबर माणसाचं व्हावं असं आपण म्हणतो आणि सहसा होत नाही, ते तिचं होतं. मग वजन. वरचा भाग जितका हलका आणि चाकांपाशी जितकं जड, तितकी गाडी उतारावर टिकून राहते. म्हणून चाकांच्या आत पितळी कडी बसवतात. मी पितळेची सळई विकत घेतली आणि पेठेतल्या एका लेथवाल्याकडे गेलो. त्यानं कागदावरची आकृती उजेडाकडे धरून पाहिली. "कशाला पाहिजे ही कडी?" म्हणाला. म्हटलं, गाडी जड करायची आहे. त्यानं चष्मा कपाळावर सरकवला. "काका, इथं येणारा प्रत्येक जण वजन कमी करून द्या म्हणतो," असं पुटपुटत त्यानं लेथ चालू केला, आणि कडी मात्र अशी कातून दिली की ती मी काही दिवस चाकात न बसवता टेबलावरच ठेवली होती.

हा छंद आला अमेरिकेतून, आणि तिकडे तो खऱ्या जीपगाड्यांच्या मागून चालत आला. कॅलिफोर्नियातल्या रुबिकॉनच्या खडकाळ वाटेवर 1953 साली पहिल्यांदा जीपवाल्यांचा जथा निघाला. यूटामधल्या मोआबला 1967पासून दर ईस्टरला जीपगाड्यांची जत्रा भरते. साहजिकच दुकानात मिळणारे छोटे सांगाडेही तिकडच्याच गाड्यांचे. रुंद खांद्यांच्या, माजलेल्या टायरांच्या त्या गाड्या मला आवडतात, पण पाहुण्यांची मुलं आवडावीत तशा. मला बनवायची होती महिंद्राची सीजे-3बी. विलीज कंपनीनं ही जीप त्याच 1953 साली अमेरिकेत आणली. तिच्या नव्या इंजिनाची एक झडप वर गेल्यामुळे इंजिन उंच झालं, म्हणून बॉनेटही उंच केलं, आणि जीपला जन्मभराचा एक आश्चर्यचकित चेहरा मिळाला. महिंद्रानं तो चेहरा इकडे आणला आणि पुढची कित्येक वर्षं तशाच जीपगाड्या बनवल्या. धरणांवर, जंगलात, कलेक्टर कचेरीच्या आवारात, निवडणुकीच्या धुरळ्यात, सगळीकडे तीच. आमच्या दारात ती शनिवारी रात्री उभी असायची, कारण आमचे अण्णा एका सरकारी खात्याच्या जीपचे ड्रायव्हर होते. खात्याचं नाव घेत नाही. जीपबद्दल पुढे जे सांगणार आहे ते खात्याला आवडणार नाही.

ती जीप अडकायची. वेल्ह्याच्या बाजूला पावसाळ्यात कच्च्या रस्त्यानं जाताना ती कुठे अडकणार हे अण्णांना आधी कळत असे आणि तरी ती तिथेच अडकत असे. चारही चाकांना जोर देणारा दांडा होता, त्यापुढे लो गिअरचा दांडा होता, अण्णा दोन्ही शास्त्रशुद्ध टाकत, आणि जीप एक पुढचं अन् एक मागचं चाक गरगर फिरवत जागच्या जागी गुरगुरत राही. मग साहेब उतरणार की नाही, हा नाजूक प्रश्न निघायचा. साहेब उतरले तर वजन कमी होणार, पण साहेबांना उतरा कसं म्हणायचं? अण्णा नुसतेच उतरून चाकांकडे पाहत उभे राहत. त्या पाहण्यात इतकी अदब आणि इतकी निराशा असे, की साहेब आपणहून पायघोळ पँट दुमडू लागत. कारवीच्या काटक्या यायच्या, पोतं यायचं, गावातली चार माणसं यायची. सुट्टीत मी बरोबर असलो तर मलाही मागे उभं करत, आणि चाकाच्या सर्वांत जवळ उभा राहणारा तोंडभर चिखल खातो हे भौतिकशास्त्र मी तिथे शिकलो.

जीप का अडकायची हे मला कळलं ते क्रॉलर बनवताना. वळणावर बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापावं लागतं, म्हणून एक्सलच्या मधोमध डिफरन्शियल असतो. तो दोन चाकांना वेगवेगळ्या गतीनं फिरू देतो. रस्त्यावर हे सोयीचं. पण एक चाक चिखलात घसरू लागलं की सगळी गती त्या घसरणाऱ्याकडेच जाते आणि घट्ट जमिनीवरचं चाक स्वस्थ उभं राहतं. पुढचं एक आणि मागचं एक घसरलं की संपलं. नावाला चार चाकांची गाडी, आणि फिरतात दोनच, तीही नको ती. क्रॉलरमध्ये म्हणून डिफरन्शियल जाम करून टाकतात. दोन्ही चाकं एकत्रच फिरतात, मग एक हवेत असलं तरी दुसरं ओढतं. ट्रॅक्सस कंपनीनं 2017मध्ये आणलेल्या एका गाडीत तर रिमोटवरूनच डिफरन्शियल जाम करता येतो आणि सोडता येतो. माझ्या गाडीत त्यासाठी आहे सुपारीएवढा एक धातूचा तुकडा. तो तळहातावर घेऊन मी बराच वेळ बसलो होतो. इतक्याशा वस्तूवाचून साहेबांच्या पँटी भिजल्या.

बॉडी तयार मिळत नव्हती, ती स्टायरीनच्या पत्र्यातून कापायची होती. सीजे-3बी त्या बाबतीत उपकारी. तिच्या अंगाला गोलाई अशी नाहीच. मापं काढली घरातल्या एकुलत्या एका फोटोवरून. फोटोत जीप समोरून दिसते आणि बंपरशेजारी अण्णा उभे आहेत, खाकी शर्ट, खिशाला पेन. त्यांची उंची पाच फूट चार इंच होती. तेव्हा अण्णांवरून बंपर काढला, बंपरवरून दिवे, दिव्यांवरून बॉनेट. आयुष्यभर त्यांनी मला फूटपट्टी दाखवली, आता तेच फूटपट्टी झाले. एकास दहा या प्रमाणात ते सव्वासोळा सेंटिमीटर भरतात. त्या मापाचे ड्रायव्हर विकत मिळतात, पण सगळे गॉगल लावलेले आणि टोपी उलटी घातलेले; साहेबांसाठी दार उघडतील असा एकही नाही.

इथे भांडण सुरू झालं. खऱ्या सीजे-3बीच्या दोन एक्सलमधलं अंतर 80 इंच, म्हणजे माझ्या गाडीत सुमारे 203 मिलिमीटर हवं. एकास दहाच्या क्रॉलरमध्ये ते सहसा 310च्या पुढे असतं, कारण आखूड गाडी चढावर मागच्या मागे कोलांटी खाते. खऱ्या जीपचे टायर सहा-सोळाचे, बारीक, अरुंद. दहाव्या हिश्शानं सात सेंटिमीटरच्या आसपास उंचीचे. क्रॉलरला दहा-बारा सेंटिमीटरचे लागतात. वजनाचं तर गणितच चमत्कारिक. लांबी दहा पटींनी कमी केली की वजन हजार पटींनी कमी व्हायला हवं, आणि खरी जीप टनभराची, तेव्हा माझी किलोभर भरावी. पितळेसकट ती अडीच किलोकडे झुकते. आणि गुरुत्वाकर्षण काही केल्या लहान होत नाही. दहाव्या हिश्शाची गाडी दहाव्या हिश्शाच्या कड्यावरून खऱ्या गाडीपेक्षा तिपटीहून थोडी लवकर खाली पोचते. खरी जीप कलू लागली की देवाचं नाव घ्यायला वेळ मिळतो; माझी कलली की नुसती उलटी झालेली दिसते. पत्रा, काच, दिवे, आरसे सगळं आज्ञाधारकपणे लहान होतं, पडणं तेवढं मूळ मापाचं राहतं.

म्हणजे एक-एक सुधारणा केली की गाडी चढायला हुशार आणि दिसायला परकी व्हायची. मोठे टायर घातले की ती अण्णांच्या जीपचा अमेरिकेत वाढलेला पुतण्या वाटे. बारीक टायर घातले की हुबेहूब, आणि पहिल्याच दगडाला हुबेहूब अडकलेली. रात्री दोन्ही जोड टेबलावर मांडून मी बघत बसे. बायको पाणी प्यायला उठली की दारात थांबून म्हणायची, "अहो, मुलगी बघायला आलात का?"

तिचा खरा आक्षेप स्क्रूंना आहे. आमच्या घरात जुन्या मोझेकच्या लाद्या आहेत, आणि तीन मिलिमीटरचा काळा स्क्रू मोझेकवर पडला की तो लादीचाच होतो. मी लोहचुंबक दोऱ्याला बांधून खोलीभर फिरवतो. नातीला तो खेळ गाडीपेक्षा जास्त आवडतो. तिनं एकदा माझं सगळं सामान नीट पाहिलं: अंगठ्याएवढा जेरीकॅन, काडीचा पान्हा, रुमालाच्या कापडाचं पोतं, रीळभर सुतळीतून वळलेला दोर. मग आपली भातुकली आणून शेजारी लावली आणि जेरीकॅन तिच्या पातेल्यात फार मोठा होतो म्हणून मला बजावलं. सरकारचंही मत तिच्यासारखंच आहे. परदेशी खेळण्यांवर 2023पासून 70 टक्के सीमाशुल्क आहे, आणि साठी ओलांडलेला गृहस्थ बाहेरून गाडी मागवतो तेव्हा पावतीवर तो खेळणंच मागवत असतो.

रंग देताना थोडं थबकायला झालं. क्रॉलरवाल्यांमध्ये नवी गाडी जुनी दाखवण्याची कला फार मानाची. स्पंजाच्या तुकड्यानं तपकिरी रंग टिपत-टिपत दाराच्या कडांना, बंपरच्या कोपऱ्यांना गंज चढवायचा. मग चिखलाचे शिंतोडे. अण्णा रोज सकाळी ड्यूटीवर जाण्याआधी रॉकेलचं फडकं घेऊन त्याच जागा पुसत असत. गंजाशी त्यांचं वैर साहेबांशी असलेल्या नात्यापेक्षा जुनं होतं. मी स्पंज हातात घेतला, एका कोपऱ्यावर टिपला, आणि रॉकेल नसल्यामुळे थिनरनं पुसून टाकला. चिखल मात्र ठेवला. चिखलाला त्यांची हरकत नसे, तो त्यांच्या मते प्रवासाचा पुरावा.

आता रविवारी सकाळी आम्ही दोघं, म्हणजे मी आणि जीप, वेताळ टेकडीवर जुन्या खाणीच्या बाजूला जातो. दख्खनचा काळा दगड, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा. एवढ्या वयाच्या दगडावर एक बोट चढायला पंधरा मिनिटं लागली तर त्याला घाई वाटत असणार. उन्हाळ्यात त्यावर रबर छान धरतं. पावसाळ्यात शेवाळं आलं की डिफरन्शियल जाम असो नाही तर सुटा, सगळे सारखेच. फिरायला येणारी मंडळी थांबतात. स्पीड किती, हा पहिला प्रश्न. चालणाऱ्या माणसाहून कमी, म्हटलं की दुसरा प्रश्न येत नाही. एक आजोबा दर वेळी प्राणायाम सोडून येतात. त्यांनी आयुष्यात अशीच एक जीप ढकलली आहे, कोकणात, निवडणुकीच्या कामावर असताना. जीप खाचेत अडकली की त्यांचा हात आपोआप पुढे येतो. क्रॉलरच्या स्पर्धेत गाडीला हात लावला की गुण कापले जातात, हे मी त्यांना सांगितलेलं नाही.

टायरचं भांडण शेवटी मिटलं. सध्या नऊ सेंटिमीटरचे आहेत. पुढचा डिफरन्शियल जाम आहे, मागचा सुटा ठेवला आहे, म्हणजे ती बहुतेक दगड चढते आणि महिन्यातून एखाद्या वेळी मनासारखी अडकते.

राहिली आहे ती मागची बाजू. घरातला फोटो समोरून आहे, आणि मागचा कॅनव्हासचा पडदा पट्ट्यांनी कसा बांधलेला असे हे त्यात दिसत नाही. वाचकांपैकी कुणाच्या अल्बममध्ये सत्तरच्या दशकातल्या सीजे-3बीचा मागून काढलेला फोटो असेल, तर कृपया त्याची प्रत पाठवा. आणि शेजारी कुणी उभं असेल, तर त्यांची उंचीही कळवा.