नखभर चैनीचा ताळेबंद

घरच्या घरी व कमी खर्चात केले जाणारे जेल मॅनिक्युअर हा विषय प्रसाधनकलेत मोडतो अशी सर्वसाधारण समजूत असली, तरी वस्तुतः तो हिशेबाचा विषय आहे, कारण त्यातील सुख पहिल्याच दिवशी जमा होते, खर्च पंधराव्या दिवशी नावे पडतो आणि मधल्या काळात घरातील सर्वजणी आपला फायदा झाला असे समजून वावरत असतात. मॅनिक्युअर म्हणजे हातांची, विशेषतः नखांची, सजावटीसह केलेली निगा. आणि जेल म्हणजे नेलपेंटप्रमाणेच बाटलीतून येणारा, परंतु हवेवर न वाळता ठरावीक दिव्याखाली धरल्यावरच घट्ट होणारा लेप. शहरातील नेल स्टुडिओत या कामाचे हजाराच्या आसपास किंवा त्याहून अधिक रुपये पडतात, आणि जव्हारहून त्यासाठी नाशिक गाठायचे तर सुमारे ८० किलोमीटरचा वळणावळणांचा रस्ता एस.टी.ने कापावा लागतो, तेव्हा पालघर जिल्ह्यातील जव्हार व मोखाडा या डोंगरी तालुक्यांत घरगुती मार्गाचा पुरस्कार होणे हे सर्वस्वी तर्काला धरून आहे. प्रस्तुत विवेचनाचा आक्षेप त्या तर्कावर नसून तो अर्ध्यावर थांबतो यावर आहे.

येथे एका दुर्लक्षित ज्येष्ठतेची नोंद घेणे उचित ठरेल. अपारदर्शक रंगाच्या नेलपेंटने नाव कमावलेली अमेरिकेतील रेव्हलॉन कंपनी १९३२ साली स्थापन झाली, तर मुकणे संस्थानिकांच्या काळातील जव्हार नगरपालिका १९१८ सालची आहे. म्हणजे जव्हारचा नागरी कारभार रेव्हलॉनहून चौदा वर्षांनी वडीलधारा ठरतो, आणि स्थानिक इतिहासकारांनी या वडीलकीचा लाभ घ्यायला हरकत नाही.

साधे नेलपेंट आणि जेल यांतील भेद रासायनिक आहे व तो न समजल्यामुळेच पुढील बहुतेक अनर्थ ओढवतात. साध्या नेलपेंटमध्ये नायट्रोसेल्युलोजसारखा पापुद्रा धरणारा पदार्थ उडून जाणाऱ्या द्रावकात विरघळवलेला असतो, आणि द्रावक उडाला की रंग नखावर उरतो, म्हणून त्यावर फुंकर घालण्याला काहीएक अर्थ आहे. जेलमध्ये ॲक्रिलेट वर्गातील लहान रेणू असतात आणि त्यांच्यासोबत प्रकाश-प्रारंभक, म्हणजे विशिष्ट प्रकाश पडताच अभिक्रिया सुरू करून देणारा घटक, असतो. साधारण ३६५ ते ४०५ नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश मिळाला की, तारपा वाजू लागताच नाचणारे जसे एकमेकांच्या कमरेत हात गुंफून साखळी धरतात, तसे हे रेणू एकमेकांना धरून लांब साखळ्या करतात. तारपेवाला थांबला की नाच जागच्या जागी थांबतो, आणि दिवा विझला की जेलचेही तेच होते. अशा पदार्थावर फुंकर घालून काहीही साधत नसल्याने चुलीपुढे पिढ्यान्‌पिढ्या कमावलेले फुंकणीचे कौशल्य या क्षेत्रात पूर्णतः निरुपयोगी ठरते, हे सासुरवाशिणींनी व सासवांनी समान भावनेने स्वीकारावे.

साहित्याची यादी लांब आहे: दिवा, बेस कोट, म्हणजे नख व रंग यांना सांधणारा पहिला थर, मग रंग, त्यावर चकाकी व संरक्षण देणारा टॉप कोट, नखे घासायची कानस, आणि पुसायला स्पिरिट. स्वस्तातला दिवा ऑनलाइन तीन-चारशे रुपयांपासून मिळतो, बाकीच्या बाटल्या धरून पहिला खर्च बाराशेच्या घरात जातो असे मानू, आणि याच क्षणी सरासरी खर्चाचा सिद्धांत घरात शिरतो. एकटीच्या दहा बोटांवर हा खर्च पसरला तर नखामागे एकशेवीस रुपये पडतात. नणंद, जाऊ व शेजारीण मिळून चौघी झाल्या तर तीस. आणि पायांची नखेही हिशेबात धरली तर अवघे पंधरा. काटकसरीच्या नावाखाली ऐंशी नखे रंगवली जाण्याचे कारण हे असे शुद्ध गणिती आहे. दिवा बचत गटाच्या मालकीचा करावा हा विचार त्यापुढचा, परंतु अंतर्गत कर्जाच्या कारणापुढे ‘नखे’ असा शब्द लिहिताना गटाच्या सचिवबाईंचा हात अडखळतो, आणि ‘गृहोद्योगासाठी यंत्रसामग्री’ असे लिहावे तर बँकेचे साहेब ती यंत्रसामग्री पाहायला येण्याची धास्ती असते.

प्रत्यक्ष क्रियेत पहिली अडचण उजव्या हाताची असते. उजव्या हाताने डाव्याची नखे रंगवताना जी कलावंत असते, तीच डाव्या हातात कुंचला आला की रंग नखापेक्षा नखाभोवतीच्या कातडीला अधिक लावते, आणि ही बाब केवळ दिसण्यापुरती नाही हे पुढे येईलच. थर पातळ द्यावा असे सर्व शिकवणाऱ्या सांगतात, परंतु विकत घेतलेली वस्तू भरघोस वापरली तरच पैसे वसूल झाले असे मानण्याची वृत्ती पातळ थराला मुळातच प्रतिकूल असते. जाड थर दिव्याखाली गेला की रेणूंच्या जोडणीतून बाहेर पडणारी उष्णता नखाला चटका देते व हात झटकन बाहेर येतो. शेवटचा थर झाल्यावरही नखावर चिकटपणा राहतो, कारण पृष्ठभागावरील जेलला हवेतील प्राणवायू पुरते घट्ट होऊ देत नाही. तो स्पिरिटने पुसायचा असतो, परंतु हे ठाऊक नसलेल्या घरांत तोच हात पुनःपुन्हा दिव्यात घातला जातो आणि दिवा पाठवणाऱ्या विक्रेत्याचा यथेच्छ उद्धार होतो.

विजेचा प्रश्न याच ठिकाणी उद्भवतो. पावसाळ्यात झाड तारांवर पडले की लाइट जाते, आणि ती बहुधा मधल्या बोटाच्या वेळी जाते. म्हणूनच यूएसबीवर चालणारा लहान दिवा व पॉवर बँक या जोडीला या डोंगरात मोठे महत्त्व आहे, जरी मोबाइल चार्ज करायचा की नखे हा कौटुंबिक वाद त्यातून नव्याने सुरू होत असला. उन्हातही अतिनील किरण असल्याने जेल उन्हावर धरावे अशी सूचना काटकसरीचा एक पंथ करतो, परंतु ऊन असमान व संथ काम करते, आषाढात तर ते येतच नाही. पर्यटकांना प्रिय असलेला जव्हारचा सनसेट पॉइंट या प्रयोगासाठी सर्वांत निकामी जागा होय, कारण तेथे गर्दी होते त्या वेळेपर्यंत उन्हातील अतिनील अंश जवळजवळ सरलेला असतो.

एवढे सोपस्कार पार पडल्यावर नखे दोन आठवडे टिकतात, अशी जेलची ख्याती आहे. ही ख्याती ज्या हातांना नजरेसमोर ठेवून पसरली ते हात आवणी करणारे नव्हते. आवणी म्हणजे रोपवाटिकेतील भाताचे रोप उपटून चिखलात लावण्याचे काम. त्यात बोटे तासन्‌तास पाण्यात राहतात, नख पाणी पिऊन फुगते, लेपाची कडा सुटते आणि तिच्याखाली चिखलाची एक काळी रेघ कायमची मुक्कामाला येते. नागलीची भाकरी थापणे हीदेखील लेपाची कठोर परीक्षा असते, आणि राखेने घासलेल्या हंड्याला टॉप कोटची भीड नसते. अंगणवाडीतील सेविकेने मुलांची नखे तपासताना आपले हात कोठे ठेवावेत हा नीतिशास्त्राचा प्रश्न येथे बाजूला ठेवू. रुग्णालयात बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरला गडद रंगातून रक्तातील प्राणवायूचे मोजमाप चुकीचे मिळू शकते, एवढे मात्र सांगून ठेवणे आवश्यक आहे.

खरा खर्च येतो तो लेप काढताना, आणि तो कोणत्याही यादीत नसतो. शिष्टसंमत पद्धत अशी की, टॉप कोट कानशीने घासून उडवावा, कापसाचा बोळा ॲसिटोन या द्रावकात भिजवून नखावर ठेवावा, वरून ॲल्युमिनियम फॉइल गुंडाळावे आणि दहा-पंधरा मिनिटे स्वस्थ बसावे. दहाही बोटे फॉइलमध्ये गेलेली स्त्री गृहव्यवस्थेच्या दृष्टीने गैरहजर समजायला हवी, परंतु घर तसे समजत नाही: कुकर शिट्ट्या देऊ लागतो, मोबाइल वाजतो आणि चांदीच्या टोपड्यांच्या बोटांनी तो धड हाताळता येत नाही. चुलीकडे वा गॅसकडे जाण्याची तर बंदीच असावी, कारण ॲसिटोन चटकन पेट घेते. मोखाडा तालुक्यातच मध्य वैतरणा धरण उभे राहून मुंबईची तहान भागवत असले, तरी त्याच तालुक्यातील पाड्यांवर उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते, आणि टँकर फॉइलची पंधरा मिनिटे मोजून येत नाही. मग आरोळी होते, हातात कळशी येते, फॉइल विहिरीच्या वाटेवर पडते आणि अर्धवट सुटलेला लेप अर्धवटच राहतो.

त्यानंतरचे वर्तन सर्वत्र सारखे असते: लेप दातांनी, ब्लेडने किंवा चमच्याच्या टोकाने उचकटला जातो. नख केराटिन या प्रथिनाच्या थरांचे बनलेले असल्याने लेपाबरोबर वरचे थरही सोलून निघतात, आणि बोटाचे नख महिन्याला सुमारे तीन मिलिमीटर वाढत असल्याने ते मुळापासून पूर्ण नवे यायला जवळपास सहा महिने लागतात; म्हणजे ॲसिटोनचे थोडे पैसे वाचवून आवणीत उचकटलेल्या नखाची भरपाई संक्रांतीला होते. ॲसिटोन मिळाले नाही म्हणून रंगाच्या दुकानातील थिनर आणणाऱ्यांनी ध्यानात घ्यावे की थिनर हे अनेक द्रावकांचे मिश्रण असते आणि ते दरवाजांसाठी आहे.

याहून गंभीर भाग ॲलर्जीचा. कमी ताकदीच्या दिव्याखाली जेल वरून घट्ट आणि आतून कच्चे राहू शकते, आणि कच्चे ॲक्रिलेट कातडीला वारंवार लागले तर त्याची कायमची ॲलर्जी जडू शकते. बोटांना खाज, भेगा, कधी थेट पापण्यांवर पुरळ अशी तिची लक्षणे असतात, आणि पुढे दातांच्या उपचारांत वापरली जाणारी त्याच वर्गातील द्रव्येही त्या व्यक्तीला सोसत नाहीत असे घडू शकते. डाव्या हाताच्या कुंचल्याचा मुद्दा हाच होता. टीपीओ नावाच्या एका प्रकाश-प्रारंभकावर युरोपीय संघाने १ सप्टेंबर २०२५ पासून प्रसाधनांत बंदी घातली आहे, तेव्हा स्वस्तात मिळणाऱ्या बाटलीवरील बारीक अक्षरे वाचण्याचे कष्ट घ्यावेत. दिव्याच्या किरणांबाबत २०२३ साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो येथील संशोधकांनी प्रयोगशाळेतील पेशींवर अभ्यास करून त्यांच्या डीएनएला इजा होत असल्याचे दाखवले. प्रयोग माणसांच्या हातांवर नव्हता, परंतु बोटांची टोके कापलेला जुना पायमोजा हातावर चढवण्यात खर्च काहीच नसल्याने काटकसरीच्या पंथाने तो तत्काळ स्वीकारावा.

आता ज्यांना टिकाऊ रंगच हवा आहे त्यांच्यासाठी डोंगरावर पर्याय उगवतो. भाद्रपदात माळावर गुलाबी-जांभळा तेरडा फुलतो, गौरीबरोबर घरात येतो, आणि मराठीत त्याचा रंग तीन दिवसांचा म्हणून बदनाम आहे. ही म्हण रचणाऱ्याने तेरडा नखाला बांधून पाहिला नसावा. कोरियात याच वनस्पतीच्या पाकळ्या तुरटीबरोबर वाटून, रात्रभर नखांवर पानात बांधून ठेवण्याची जुनी रीत आहे. तो नारिंगी रंग नख वाढून कापले जाईपर्यंत जात नाही, आणि पहिल्या बर्फापर्यंत टिकला तर पहिले प्रेम सफल होते असे तेथे मानतात. जव्हारला बर्फ पडत नसल्याने हा शेवटचा निष्कर्ष पडताळता येणार नाही, परंतु बाकीचा हिशेब साफ आहे: दिवा नको, वीज नको, काढण्याचा खर्च शून्य, कारण तो काढताच येत नाही. तेव्हा वाचकिणींना सुचवायचे ते इतकेच की, भाद्रपदात तेरडा बांधावा, लग्नसराईत मेंदी काढावी, आणि उरलेल्या हंगामासाठी जेल घ्यायचेच ठरले तर आधी ॲसिटोनची बाटली घरात येऊ द्यावी, दिवा नंतर मागवावा.