बैल चांगले, गाडी उलाळ

डेन्व्हरच्या भाच्याने यलोस्टोनची सहल ठरवली आणि महिनाभर एकाच प्रश्नाचा खल केला: पिकअप ट्रक भाड्याने घ्यायचा तो टू-व्हील ड्राइव्ह की फोर-व्हील? मागे पाच हजार पौंडांचा ट्रेलर ओढायचा होता. म्हणजे चाकं लावलेलं सव्वादोन टनांचं वन-रूम-किचन. शेवटी, "मामा, चारही चाकांना ताकद मिळाली की गाडी घोरपडीसारखी रस्त्याला चिकटते," असा निकाल देऊन त्याने फोर-व्हीलचे जादा पैसे भरले. सामान लावायचं काम माझ्याकडे आलं.

शायेन सोडलं की इंटरस्टेट 80 चढत चढत 8640 फुटांवर जातो. तिथे उंच चौथऱ्यावर लिंकनचा भलामोठा अर्धपुतळा आहे, मान खाली घातलेला. पुढचा उतार लागेपर्यंत मला त्याचं कारण कळलं नव्हतं.

लॅरमीच्या उतारावर वारा आडवा आला आणि ट्रेलरने शेपूट हलवायला सुरुवात केली. आधी कपाटातले चमचे वाजले, मग ट्रकचं बूड डावीकडे गेलं, मग उजवीकडे. बायकोने लाडवांचा डबा पोटाशी धरला. भाच्याने खटका फिरवून फोर-व्हील लावलं. ट्रेलरला त्याचं काही सोयरसुतक नव्हतं. चाकं जास्त फिरवली म्हणून ती आडवी सरकायची थोडीच थांबतात? शेवटी भाच्याने अ‍ॅक्सिलरेटर सोडला, ट्रकच्या ब्रेकला पाय न लावता हाताने फक्त ट्रेलरचा ब्रेक दाबला, तेव्हा ते धूड ताणलं जाऊन सरळ झालं.

लॅरमीच्या पार्किंगमध्ये वळताना टायर कुरकुरत उड्या मारू लागले. फोर-व्हील काढायचं राहिलं होतं. वळणात पुढच्या चाकांना जास्त अंतर कापायचं असतं; कोरड्या रस्त्यावर ती मागच्यांशी जखडली की अशी भांडतात.

बायकोने खाली उतरून एकवार पाहिलं. "अगं बाई, गाडी उलाळ झालीय की!"

ती करमाळ्याची. उसाच्या गाड्या बघत वाढलेली. मागे भार जास्त झाला की जू वर उचललं जातं, हे तिला पुस्तकाशिवाय ठाऊक. भाच्याच्या पुस्तकातही तेच होतं: ट्रेलरच्या वजनाचा दहा ते पंधरा टक्के भार हुकावर हवा, म्हणजे आमच्या बाबतीत निदान पाचशे पौंड. तो कमी पडला की ट्रेलर डुलतो, आणि हूक मागच्या चाकांच्याही मागे असल्याने ट्रकला पहारीसारखा हलवतो. मी तर तांदळाची पोती, इडलीचा ग्राइंडर आणि पाण्याचे कॅन, सगळं हाताशी यावं म्हणून मागच्या दाराजवळ रचलं होतं. वर बंपरला दोन सायकली.

तासभर हमाली करून सगळं पुढे आणलं. मग वारा तोच, रस्ता तोच, पण चमचे गप्प.

यलोस्टोनच्या अलीकडे रात्रभर पाऊस पडला. सकाळी कॅम्पग्राउंडच्या ओल्या गवतात ट्रकची मागची चाकं जागच्या जागी फिरू लागली. भाच्याने मोठ्या दिमाखात खटका फिरवला. पुढच्या चाकांनी चिखल धरला आणि अर्ध्या मिनिटात वरात बाहेर. त्याने विजयी मुद्रेने मामीकडे पाहिलं.

"बैल चांगलेच आहेत रे तुझे," ती म्हणाली. "गाडी भरायला मात्र ह्यांना सांगू नकोस."