पुढचा खंड केव्हा?

जॉर्ज आर. आर. मार्टिन यांच्या महाकथेचा पाचवा खंड २०११ साली आला. सहावा येतोच आहे. मधल्या काळात टीव्हीवाल्यांनी त्यावर ‘गेम ऑफ थ्रोन्स’चे आठ सीझन काढून २०१९ मध्ये शेवटही उरकून टाकला. तो पाहून भडकलेली मंडळी पुन्हा मार्टिनबाबांच्याच दारात: तुम्ही तरी नीट संपवा हो! बाबा लिहितात डॉसवर, वर्डस्टार ४.० मध्ये, इंटरनेटला न जोडलेल्या संगणकावर. म्हणजे रखडल्याचं खापर फेसबुकवर फोडायचीही सोय नाही.

न संपलेल्या गोष्टीचा प्रताप बघायचा तर क्रोएशियात, दुब्रोवनिकला जावं. तिथे जेझुइट चर्चचा अठराव्या शतकातला देखणा जिना आहे. चर्चकडे कोण बघतो? मालिकेतल्या राणीची धिंड याच पायऱ्यांवरून निघाली म्हणून सुट्टीवर आलेली चांगली शिकलेली माणसं ‘शेम, शेम’ ओरडत त्या उतरतात. गाइडला पैसे देऊन.

दुसऱ्या टोकाला लेखक ब्रँडन सँडरसन. कोविडमध्ये लोक घरात पाव भाजत होते, तेव्हा या गृहस्थाने गुपचूप जादा कादंबऱ्या लिहून काढल्या. २०२२ मध्ये त्यातल्या चार छापायला वाचकांकडे १० लाख डॉलर मागितले; महिन्याभरात ४ कोटींच्या वर जमले. पुस्तकांची नावंही आधी कुणाला ठाऊक नव्हती! कादंबरीकार रॉबर्ट जॉर्डन २००७ मध्ये वारले, तेव्हा त्यांची अर्धवट कादंबरीमालिकाही यांनीच तडीस नेली होती. साहजिकच मार्टिनच्या चाहत्यांनी आशेने इकडे पाहिलं. सँडरसननी हात जोडले.