गोळी नऊची, गप्पा नव्वदच्या

बेळगावजवळच्या काकतीत सध्या शस्त्रतज्ज्ञांचं पीक जोरात आहे. महामार्गालगत चहाची टपरी, टपरीवर चार पोरं, चौघांत मिळून एक मोबाईल आणि मोबाईलमध्ये अमेरिकेतला एक दाढीवाला. तो तिकडे नऊ एमएमची कार्बाइन तपासतोय, निकाल इकडे लागतोय. रुगर घ्यायची की सीझेडची स्कॉर्पियन, हा प्रश्न अशा पोटतिडकीनं विचारला जातो, की वाटावं, बेळगावात गणपत गल्लीत दोन्ही हारीनं मांडून ठेवल्यात आणि फक्त भाव करायचा बाकी आहे.

वस्तू गोड आहे, यात वाद नाही. पिस्तुलाची गोळी आणि रायफलचा दस्ता, असा हा संकर. पिस्तूल नुसत्या हातांवर तोलावं लागतं. कार्बाइन खांद्याला टेकते, गालाला लागते, त्यामुळे नवशिक्याचाही नेम बरा बसतो. काही कार्बाइनना पिस्तुलाचंच मॅगझिन चालतं, म्हणजे खर्च एक आणि चैन दोन. अमेरिकेतल्या यूएसपीएसए या नेमबाजी संघटनेनं २०१६ मध्ये तिला स्पर्धेत स्वतंत्र गट दिला आणि तेव्हापासून बाजार फोफावला. रुगरची कार्बाइन २०१७ च्या अखेरीस आली. तिची दोन भागांत घडी होते आणि ग्लॉक पिस्तुलाचं मॅगझिनही तिला चालतं.

आता पोरांनी एवढा कस लावलाय, तर आपणही लावू.

पहिला गुण ताकदीचा. नळी लांब म्हणून गोळी फार जोरात जाते, ही समजूत. नऊ एमएमच्या काडतुसात दारू असून असून किती असणार? ती पहिल्या दहाएक इंचांतच बहुतेक जळून जाते. पिस्तुलाच्या मानानं वेग वाढतो तो साधारण दहा-पंधरा टक्के. मग नळी सोळा इंचांची का? तर अमेरिकेत त्याहून आखूड नळीच्या रायफलला वेगळी नोंदणी आणि वेगळी कटकट लागते म्हणून. सोळा हा आकडा विज्ञानानं दिलेला नाही, वकिलांनी दिलाय.

दुसरा गुण धक्क्याचा. स्वस्तातल्या बहुतेक कार्बाइन ब्लोबॅकवर चालतात. म्हणजे बोल्टला कडी-कुलूप काही नाही. त्याचं वजन आणि मागची स्प्रिंग एवढ्याच्या जोरावर तो दाब थोपवतो. त्यासाठी बोल्ट जड ठेवावा लागतो, आणि जड बोल्ट मागे-पुढे आपटला की लहान गोळीची बंदूकही हिसका देते. रुगरनं यावर बोल्टमध्ये टंगस्टनचं वजन बसवलं, सिगनं एमपीएक्समध्ये गॅसचा पिस्टन घातला. पहिल्याला वजन पडतं, दुसऱ्याला पैसे.

तिसरा गुण साइटचा. लाल ठिपका नळीच्या दोन-अडीच इंच वर बसतो. पंचवीस-पन्नास मीटरवर नेम जुळवला असेल, तर सात मीटरवर गोळी ठिपक्याच्या खाली इंच-दीड इंच लागते. ‘एवढ्या जवळून कोण चुकतंय!’ म्हणणारे गडी स्पर्धेत नेमके तिथेच चुकतात. दाढीवाला हेही सांगत असतो, पण तोवर टपरीवर कांदाभजी आलेली असतात.

इथवर कार्बाइन पास. आता परीक्षकांना तपासू.

अमेरिकेचे सोळा इंच पोरांना तोंडपाठ आहेत. भारताचे वीस इंच मात्र विचारू नका. १९५९ च्या शस्त्र कायद्यात, कलम १३ मध्ये, सामान्य माणसाला काय मागता येतं ते सरळ लिहिलंय. संरक्षणासाठी किंवा खेळासाठी किमान वीस इंच नळीची, आतून गुळगुळीत अशी बंदूक. खऱ्याखुऱ्या पीकरक्षणासाठी ठासणीची बंदूक. आणि मान्यताप्राप्त रायफल क्लबच्या सभासदाला नेमबाजीच्या सरावासाठी पॉइंट टू-टू रायफल किंवा एअर रायफल. खानापूरकडच्या ज्या शेतकऱ्याच्या भातात रानडुकरं घुसतात, त्याच्यासाठीसुद्धा कायद्यानं पहिली तजवीज ठासणीचीच केली आहे. आणि आमच्या पोरांना रानडुकराशी देणंघेणं नसताना, पत्र्याच्या ताटल्या पाडायला अर्धस्वयंचलित पाहिजे.

नऊ एमएम ही आपल्याकडे प्रतिबंधित बोअर. तिचा अर्ज काकतीच्या ठाण्यात निकाली निघत नाही, जिल्ह्यातही निघत नाही. तो थेट दिल्लीला, गृह मंत्रालयाच्या दारात. २०१९ च्या दुरुस्तीनं सामान्य परवानाधारकाच्या बंदुका तीनवरून दोनवर आणल्या. प्रतिबंधित शस्त्र परवान्याविना सापडलं, तर शिक्षा सात ते चौदा वर्षं. लग्नाच्या वरातीत हौसेचा बार काढून कुणाचा जीव धोक्यात घातला, तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. म्हणजे नवरा बोहल्यावर आणि करवला कोठडीत.

साधी परवान्याची बंदूक मिळाली तरी सुख नाही. निवडणूक जाहीर झाली, आचारसंहिता लागली, की बहुतेकांना ती ठाण्यात जमा करण्याची नोटीस येते. लोकसभा झाली की विधानसभा, ती झाली की ग्रामपंचायत. मालकापेक्षा हवालदारालाच बंदुकीचा लळा लागतो.

याच कर्नाटकात दक्षिणेला कोडगू जिल्हा आहे. तिथल्या कोडवांना आणि जम्मा जमीनधारकांना परवान्यातूनच सूट आहे. इंग्रजांच्या अमदानीपासूनची ही सवलत केंद्रानं २०१९ मध्ये आणखी दहा वर्षांनी वाढवली. टपरीवर हे कृपा करून कुणी बोलू नका. बेळगाव महाराष्ट्रात की कर्नाटकात हा खटला राहील बाजूला आणि पोरं म्हणतील, आम्हाला कोडगूत विलीन करा.

आता फौजेकडे वळू. बेळगाव म्हणजे मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र. आसपासच्या गावांत दगड मारला तर तो एखाद्या निवृत्त सुभेदाराच्या अंगणात पडतो. अशाच एका सुभेदारांनी पोरांच्या मोबाईलमध्ये डोकावून विचारलं, “काय बघूलास रे? ही आम्ही निम्मी नोकरी गळ्यात घालून हिंडलो की!” त्यांची ती कानपूरची, स्टर्लिंगच्या वाणाची. मॅगझिन डावीकडून, मार उघड्या बोल्टवर. पोरं जिला ‘पीसीसी’, म्हणजे पिस्तूल कॅलिबर कार्बाइन, म्हणून ओवाळतात, तिची ही थोरली बहीण, आणि तिला निवृत्त करायला फौज कित्येक वर्षं मागे लागली आहे.

सरकारनं हा कस कसा लावला, तेही ऐकण्यासारखं आहे. नव्या कार्बाइनसाठी निविदा निघाल्या, चाचण्या झाल्या, निविदा रद्द झाल्या. मग २०१८ मध्ये ‘जलदगती’ प्रक्रियेत ९३,८९५ कार्बाइन घ्यायचं ठरलं, अमिरातीची कॅराकल कंपनी निवडली गेली आणि २०२० मध्ये तोही बेत मोडला. जलदगती म्हणतात ती ही! शेवटी २०२५ च्या अखेरीस सव्वाचार लाखांहून अधिक कार्बाइनचा करार झाला. त्यातला मोठा वाटा पुण्याच्या भारत फोर्जचा. आणि गोळी कोणती? ५.५६ एमएम. पिस्तुलाची नव्हे, रायफलची. म्हणजे जिच्यावरून फौज उठली, तिच्यावर आमची पोरं पाट मांडून बसलीत.

न्यायानं सांगायचं तर फौजेनं नऊ एमएमला पुरता रामराम ठोकलेला नाही. तेव्हाचे लेफ्टनंट कर्नल प्रसाद बनसोड यांनी पुण्याच्या एआरडीई संस्थेच्या साथीनं ‘अस्मी’ घडवली. वजन दोन किलोच्या आत, किंमत पन्नास हजारांच्या आत, आणि ट्रिगरचा भाग थ्रीडी छपाईतून काढलेला. लष्कराच्या उत्तर कमांडनं ५५० नग घेतले. सुभेदारांचा सल्ला याच धर्तीचा आहे. “नऊ एमएम पाहिजे? भरतीला उभा राहा. हत्यार सरकारचं, राउंड सरकारचे, वर पगार.” यावर पोरांत शांतता पसरते, कारण भरतीला सोळाशे मीटर पळावं लागतं आणि व्हिडिओत पळायचं काम दाढीवाला करतो.

हत्याराच्या इंचांनी कुणाचं नाव झालंय? काकती हे राणी चन्नम्माचं माहेर. २३ ऑक्टोबर १८२४ ला कित्तूरवर चालून आलेला धारवाडचा कलेक्टर थॅकरे अमटूरच्या बाळप्पाच्या गोळीनं पडला, असं सांगतात. बाळप्पाचं नाव दोनशे वर्षं टिकलं. त्याच्या बंदुकीची नळी किती इंची होती, हे आजवर कुणी विचारलेलं नाही.

खेळातही तेच. महामार्गानं उत्तरेला शे-सव्वाशे किलोमीटरवर कोल्हापूर. तिथली तेजस्विनी सावंत २०१० मध्ये म्युनिकला पन्नास मीटर रायफल प्रोनमध्ये विश्वविजेती झाली. तिथलीच राही सरनोबत २०१८ च्या आशियाई स्पर्धेत पंचवीस मीटर पिस्तूलमध्ये सुवर्णपदकाची मानकरी. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं १ ऑगस्ट २०२४ ला पॅरिसमध्ये ४५१.४ गुणांनी कांस्य आणलं, तेव्हा तो रेल्वेत तिकीट तपासनीस होता. तिघांच्याही हातात कार्बाइन नव्हती, कारण ऑलिंपिकच्या आणि आशियाई स्पर्धांच्या यादीत ती नाहीच. त्याच पॅरिसमध्ये एकावन्न वर्षांचा तुर्की युसुफ दिकेच साधा चष्मा लावून, एक हात खिशात घालून उभा राहिला आणि एअर पिस्तूलच्या मिश्र सांघिक प्रकारात रुपेरी पदक घेऊन गेला. त्याच्या अंगावरच्या सामानाचा व्हिडिओ काढायचा, तर पंधरा सेकंदांत संपेल.

आता खऱ्या परीक्षेची बंदूक सांगतो. ४.५ एमएमची एअर रायफल. तिची ऊर्जा वीस ज्यूलच्या आत असेल, तर परवाना लागत नाही. दिल्ली नको, ठाणं नको, आचारसंहितेची नोटीस नको. लांब मैदान नको. दहा मीटरची रिकामी खोली, मागे छर्रे अडवणारी भक्कम पेटी, शिस्त लावणारा एक जाणता माणूस आणि डोळ्यांवर चष्मा, एवढं पुरे. मॅच दर्जाची परदेशी रायफल घ्यायची तर लाखांत जाते, हे खरं. पण नेम धरायला, श्वास आवरायला आणि ट्रिगर हळूच दाबायला शिकण्यासाठी पहिल्या वर्षी साधी देशी चालते.

मग तिचा व्हिडिओ टपरीवर कुणी का बघत नाही? कारण ती आवाज करत नाही. ‘फट्’ एवढंच. काडतूस उडत नाही, धूर नाही, खांद्याला हिसका नाही, छाती फुगवायला काहीच नाही. शिवाय तिचं लक्ष्य खोटं बोलत नाही. दहा मीटरच्या एअर रायफलमध्ये दहा गुणांचा ठिपका अर्धा मिलिमीटरचा असतो. साखरेचा दाणासुद्धा त्याहून मोठा निघेल. त्यापुढे उभं राहिलं की कार्बाइनच्या गप्पा मारणाऱ्याला पहिल्यांदा कळतं की हात थरथरतोय, आणि त्याचा दोष रुगरवर टाकता येत नाही, सीझेडवरही नाही.

गावोगाव समाजमंदिरं आहेत, वर्षातले कित्येक दिवस ती कुलूपबंद असतात. पुढच्या निवडणुकीला उमेदवार मतं मागायला येईल, तेव्हा त्याच्याकडे कमान मागू नका, पुतळ्याचं सुशोभीकरण मागू नका. दहा मीटरची एक रेंज आणि आठवड्यातून दोनदा येणारा प्रशिक्षक मागा. देईल की नाही, तो भाग वेगळा. पण मागणारे चौघे तरी निघतील का, याचीच मला जास्त शंका आहे. रेंज झाली तर तिथं गुण मांडले जातात, आणि टपरीवर अजून कुणी नापास झालेलं नाही.