अर्धा तास उधार

रमजानचा पहिला प्रश्न ठरलेला. "पाणीसुद्धा नाही?"

नाही. "मग थुंकी?" हा दुसरा. थुंकी चालते. साहेबांवरचा राग गिळणंही चालतं. तो आम्ही उरलेले अकराही महिने गिळतो.

तिसरा प्रश्न अवघड. "मग वजन उतरत असेल ना तुमचं?" इथे मान खाली. संध्याकाळी समोसे, भजी, रात्री मालपुवा, पहाटे पुन्हा खिमा. ईदच्या सकाळी नव्या पँटचं बटण लागत नाही. एकादशी आणि दुप्पट खाशी ही म्हण तुमची असेल. तिची तीस दिवसांची आवृत्ती आमच्याकडे निघते.

पहिले तीन दिवस डोकं ठणकतं. लोक म्हणतात, भूक. भूक कसली? सकाळी आठ, अकरा आणि चारचा चहा गेलेला असतो. उपास अल्लाहसाठी, डोकेदुखी चहापत्तीसाठी.

मग दुपारी तीनची मीटिंग. रात्री तरावीहची नमाज आटोपून दहा-साडेदहाला घरी यायचं, पहाटे साडेचारला सहेरीसाठी उठायचं. तीन वाजता डोळे मिटणारच. साहेब सहानुभूतीनं म्हणतात, "रोजा आहे ना, झोप येणारच." समोरच्या रांगेतले चार जण त्याच वेळी घोरत असतात. त्यांचा कुठला रोजा?

आमच्यातही नग आहेत. कुणावर विनाकारण खेकसायचं आणि वर सांगायचं, "रोजा लागलाय." संयमाच्या महिन्यात संयम सुटायला संयमाचंच निमित्त!

रात्री दोनपर्यंत मोबाइल आणि दुपारी दोनपर्यंत झोप, असाही रोजा काही जण धरतात. दुकानाला कुलूप, गिऱ्हाईक पायरीवर. भूक लागायला माणूस जागा तर हवा!

आता मुद्द्याचं. पाच तास सलग काम झालं की किमान अर्धा तास विश्रांती, हे 1948 च्या कारखाने कायद्यानंच सांगून ठेवलं होतं. दुपारी एकला सगळं ऑफिस डबे उघडतं. रोजेदार जागेवर बसून फायली उपसतो. म्हणजे त्याचा रोजचा अर्धा तास ऑफिसकडे जमा. महिन्याचे पंचवीस दिवस धरले तर साडेबारा तास. आणि संध्याकाळी सहाला तो विचारतो, "साहेब, आज अर्धा तास आधी निघू?"

साहेबांचा चेहरा असा होतो, जणू मुलीच्या लग्नासाठी कर्ज मागितलं.

व्याज सोडा हो, मुद्दल तरी द्या.

बिहार सरकारनं 2023 मध्ये यावर साधा तोडगा काढला होता. मुस्लिम कर्मचाऱ्यांनी एक तास आधी यावं, एक तास आधी जावं. तासाला तास, हिशेब चोख. तरी वाद झालाच. तेलंगणानं 2025 मध्ये चार वाजताच घरी जायची मुभा दिली, तेव्हा तर लांगूलचालनाची हाळी उठली. चहाच्या टपरीवर रोज किती तास सांडतात, यावर मात्र कुठल्याच पक्षाचं पत्रक निघत नाही.

अमिरातीत रमजानमध्ये खासगी नोकरदारांचे दोन तास कमी होतात, रोजा असो वा नसो. आपल्या रत्नागिरीचा, केरळचा हिंदू-ख्रिस्ती नोकरदारही तिथे लवकर घरी जातो. सवलत सगळ्यांना दिली की कुणाच्या पोटात दुखत नाही, एवढी साधी युक्ती. इंग्लंडात तर एप्रिल 2021 मध्ये लेस्टर आणि क्रिस्टल पॅलेसचा सामना सूर्यास्तानंतर गोलकिकच्या वेळी क्षणभर थांबला. रोजेदार खेळाडूंनी दोन घोट घेतले, सामना पुढे सुरू. कोट्यवधींचा फुटबॉल थांबू शकतो.

आमची स्लाइड क्रमांक त्रेचाळीस थांबू शकत नाही.

सवलत तर कुराणातही आहे. आजारी आणि प्रवासी यांना रोजा नंतर भरून काढायची मुभा. आम्ही उत्साहानं चौकशी केली. हनफी पंथाच्या हिशेबानं प्रवास म्हणजे साधारण 77 किलोमीटरपासून पुढे. विरार ते चर्चगेट 60. सतरा कमी पडले! त्या गर्दीत एका पायावर केलेले साठ किलोमीटर मात्र साठच मोजतात. डहाणूवाल्यांनी आपापल्या मौलवींना विचारावं.

क्रिकेटपटू मोहम्मद शमी मात्र चांगला दुबईपर्यंत गेला होता. मार्च 2025, चॅम्पियन्स करंडकाचा उपांत्य सामना, समोर ऑस्ट्रेलिया. सीमारेषेजवळ त्यानं बाटली तोंडाला लावली आणि बरेलीच्या एका मौलानांनी त्याला थेट गुन्हेगार ठरवलं. रोजा धरला तर साहेब विचारणार, सोडला तर मौलाना. माणसानं घोट घ्यायचा कधी?

दर वर्षी आणखी एक गंमत. "अरे, परत रमजान? मागच्या वेळी तर उन्हाळ्यात होता!" होता. हिजरी वर्ष 354-355 दिवसांचं, आणि आमच्यात अधिक महिना नाही. त्यामुळे रमजान दर वर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो आणि साधारण तेहतीस वर्षांत सगळे ऋतू फिरून येतो. 2018 ला मेच्या काहिलीत आला होता. 2030 मध्ये तर दोनदा येणार, जानेवारीत आणि डिसेंबरात. मनुष्यबळ विभागाला आत्ताच मेल टाकून ठेवतो.

2025 ची ईद नेमकी 31 मार्चला आली. सरकारी व्यवहारांसाठी बँका उघड्या ठेवा, असं रिझर्व्ह बँकेनं सांगितलं. चंद्र कितीही वर असला तरी इअर एंडिंग त्याच्याही वर.

आणि हे सगळं दुखणं कुणाचं? एसीत बसणाऱ्या पुरुषाचं. त्याचीच कसरत, त्याच्यावरच लेख. त्याच्या घरची बाई साडेतीनला उठते, सगळ्यांना जेवू घालून स्वतः शेवटचे दोन घास गिळते, लोकल पकडते, आठ तास नोकरी करते, परत येऊन कढई चढवते. अजान होते तेव्हा घरचे सगळे दस्तरखानावर आणि ती गॅसपाशी. एक खजूर उभ्यानं. महिन्यातले काही दिवस तिला रोजा नसतो. तेव्हा ती ऑफिसात कोपऱ्यात तोंड लपवून पोळी खाते, आणि कुणीतरी कनवाळू सहकारी भर कँटीनमध्ये ओरडून विचारतो, "अरे, आज रोजा नाही?" हे चुकलेले रोजे ती पुढे कधीतरी एकटीनं भरून काढते. ना इफ्तारची पंगत, ना कुणाची सहानुभूती. बहुतेक त्याच दिवशी ऑफिसात कुणाच्या तरी बढतीची बिर्याणी येते.

मालेगाव-भिवंडीच्या यंत्रमागावर बारा तासांची पाळी, मजुरी कापडाच्या मीटरवर. तिथे "पाणीसुद्धा नाही?" विचारायला कुणी येत नाही. आलं तरी मागाच्या खडखडाटात ऐकू जाणार नाही. आणि घरोघरी जेवण पोचवणाऱ्या पोराचं काय? त्याची सगळ्यात जास्त ऑर्डरींची वेळ सूर्यास्ताच्या आगेमागेच सुरू होते. दुसऱ्याची बिर्याणी पाठीवर, स्वतःचा रोजा सिग्नलवर.

दर रमजानात एक संकष्टी येतेच. चांद्रमास दोघांचाही, येणारच. 2025 मध्ये ती 17 मार्चला होती, आमचा सोळावा रोजा. त्या दिवशी ऑफिसात दोन उपाशी माणसं. एक सूर्य बुडायची वाट पाहतंय, दुसरं चंद्र उगवायची.

सहाला शेजारच्या टेबलावरच्या ताई उठल्या. "साहेब, आज संकष्टी." साहेब लगबगीनं, "हो हो, निघा तुम्ही. मोदक असतील ना?"

पाठोपाठ मी. साहेबांनी मान न वळवताच सांगितलं, "तुमचं काय, रोजचंच आहे!"

रोजा रोजचाच असतो, हा काय आमचा दोष?

दारापर्यंत गेलेल्या ताई परत फिरल्या. "साहेब, माझा चंद्र नऊनंतर आहे. यांचा सूर्य पावणेसातला. आधी यांना सोडा की!"

साहेबांनी घड्याळ पाहिलं, खिडकी पाहिली, मग मला पाहिलं. "बरं, तो मेल तेवढा टाकून जा."

टाकला. सहा एकोणपन्नासला, तोंडात खजूर धरून.

अटॅचमेंट राहिली.