टाकीवाले काका

महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत पंगत बसलेली असते. मसालेभात वाढून झालेला असतो, श्रीखंड येण्याच्या बेतात असतं आणि पलीकडच्या टेबलावरून खणखणीत आवाज येतो, “पाणी कमी पडलं की सॉलिड्स तळाला बसतात. मग बसा महिनाभर खरवडत!” ओळखावं, टाकीवाले काका आलेत. काकूंचं कोपर त्यांच्या बरगडीत जातं. काका क्षणभर थांबतात, पानात पडलेल्या श्रीखंडाकडे बघतात आणि त्याच्या घट्टपणावरून पुढचा मुद्दा समजावून सांगतात.

हे काका अमेरिकेत कुठेही भेटतात. टेक्सासात, न्यू जर्सीत, बे एरियात, गाव कुठलंही असो. वायटूकेच्या लाटेत दोन बॅगा आणि एक कुकर घेऊन आले, पुढे वर्षानुवर्षं कुठल्याशा विमा कंपनीचा डेटाबेस सांभाळला, मुलं शिकून दुसऱ्या किनाऱ्याला गेली, आणि एक दिवस निवृत्तीचा केक कापून झाल्यावर काकांनी आरव्ही घेतली. म्हणजे चाकांवरचं बिऱ्हाड. पलंग, शेगडी, फ्रिज, मोरी, संडास, सगळं आतच. सेकंडहँड, पण 28 फुटी. घेण्याआधी काका इंडियानातल्या एल्कहार्टला जाऊन आले. अमेरिकेत आरव्ही बनतात त्या मुख्यतः या भागात, आणि तिथे आरव्हीचं ‘हॉल ऑफ फेम’सुद्धा आहे. तिथे जुन्या गाड्यांसमोर काका हात जोडून उभे राहिले, असं काकू सांगतात. काकूंना वाटलं होतं, चला, आता अमेरिका बघायला मिळेल. काकांनी अमेरिका बघितली ती बहुतेक गाडीच्या पोटाखाली उकिडवं बसून.

या गाडीच्या पोटात तीन टाक्या असतात. एक स्वच्छ पाण्याची, दुसरी सिंक आणि शॉवरचं सांडपाणी धरणारी ग्रे टँक आणि तिसरी ब्लॅक टँक. तिसरीत काय असतं ते काका पंगतीत सांगतात, मी इथे सांगत नाही. “40 गॅलनची आहे आपली. भरली की 150 किलो वजन! एवढं आपण बरोबर घेऊन हिंडतो.” हे ते ज्या अभिमानाने सांगतात, त्या अभिमानाने त्यांनी मुलीच्या डॉक्टरेटबद्दलही सांगितलेलं नाही.

आता गंमत अशी, की या माणसाने उभ्या आयुष्यात संडास धुतलेला नव्हता. सांगलीला असताना शाळेत आप्पासाहेब पटवर्धनांवर निबंध लिहून पहिलं बक्षीस मिळवलं होतं. कोकणचे गांधी, स्वतः हातात झाडू घेऊन संडास साफ करणारे, सोप्या खर्चाचा गोपुरी संडास लोकांना देणारे, वगैरे सगळं निबंधात व्यवस्थित होतं. वाड्यातला संडास मात्र मागच्या दाराने येऊन दुसरंच कुणीतरी साफ करून जायचं, आणि तो माणूस गेल्यावर अंगणात पाणी शिंपडलं जायचं. अमेरिकेत मागचं दार नव्हतं, म्हणून शनिवारी सकाळी ब्रश काकूंच्या हातात आला. त्याच वेळी काकांना लॉन कापायची आठवण व्हायची. बारा महिने. बर्फ पडलेला असला तरी ते गॅरेजमध्ये लॉनच्या मशिनचं काहीतरी करत असत.

तोच माणूस आज टाकीच्या तब्येतीवर तासभर बोलतो. काकांचं शास्त्र एका तत्त्वावर उभं आहे: पाणी. टाकी रिकामी केली की लगेच दोन-तीन बादल्या पाणी आत सोडून तळ बुडवायचा. दर वेळी भरपूर पाणी ओतायचं. पाण्यात घाण भिजत राहते, सुटी होते, व्हॉल्व्ह उघडला की पाण्याबरोबर निघून जाते. अमेरिकन माणूस इथेच मार खातो. कॅम्पग्राउंडला पाणी, वीज आणि सांडपाण्याचा जोड असलेली जागा मिळाली की त्याला वाटतं, जोडला एकदा पाइप, ठेवला व्हॉल्व्ह उघडा, चिंता मिटली. होतं काय, पातळ ते सगळं वाहून जातं आणि घट्ट ते संडासाच्या तोंडाखाली एकावर एक साठत, वाळत राहतं. त्याचा पिरॅमिड होतो. हे काकांचं वर्णन नव्हे, आरव्हीवाल्यांच्या बोलीतला रूढ शब्द आहे. म्हणून व्हॉल्व्ह बंद ठेवायचा, टाकी निम्म्याच्या वर भरू द्यायची, मगच एकदम सोडायची. “वेग पाहिजे, वेग!” काका म्हणतात आणि हाताने धबधबा दाखवतात.

दुसरा शत्रू कागद. या बाबतीत काकांचा राष्ट्राभिमान उफाळून येतो. “आपल्याकडे तांब्या आहे म्हणून आपली टाकी ठणठणीत आहे. इथले लोक कागद कोंबतात आणि मग शंभर डॉलरची औषधं ओततात.” पाहुणे येणार म्हटल्यावर कागद ठेवावाच लागतो, तर तो कुठला, याचीही परीक्षा त्यांनी केली. बरणीत पाणी, पाण्यात कागदाचा तुकडा, झाकण लावून खळखळ हलवायचं. विरघळून लगदा झाला तर पास, लोंबत राहिला तर नापास. परीक्षा जुनी आहे आणि खरोखरच उपयोगी आहे. फक्त काकांनी त्यासाठी काकूंच्या लोणच्याच्या बरण्या घेतल्या आणि निकाल लागेपर्यंत त्या स्वयंपाकघराच्या खिडकीत मांडून ठेवल्या. मंडळाच्या खजिनदारीण बाई आल्या, पांढुरकं गढूळ पाणी बघून म्हणाल्या, “अय्या, ताक केलंत का?” काकूंनी त्यांना घाईघाईने हॉलमध्ये नेलं. काका मात्र थांबले नाहीत, ते मागून बरणी घेऊन आले.

औषधांवर काकांचा विश्वास बेताचाच. फॉर्मल्डिहाइड असलेली जुन्या पद्धतीची औषधं तर त्यांना नावालाही नकोत. ती वास मारतात, पण पुढे कॅम्पग्राउंडच्या सेप्टिक टँकमधले कामाचे जंतूही मारतात, म्हणून बऱ्याच ठिकाणी त्यांना बंदी आहे. बर्फवाल्यांचं तर ते नावही घेऊ देत नाहीत. टाकीत बर्फाच्या पिशव्या रिकाम्या करायच्या आणि गाडी हाकायची, म्हणजे बर्फ आतल्या आत घासून टाकी लख्ख करतो, असा एक पंथ आहे. काका एकच प्रश्न विचारतात, “घाण कुठे असते? तळाशी. बर्फ कुठे असतो? वर. मग भेट कशी होणार?” यावर आजवर कुणाला उत्तर सुचलेलं नाही.

गाडीत टाकी किती भरली ते दाखवणारे दिवे असतात: रिकामी, एक तृतीयांश, दोन तृतीयांश, पूर्ण. टाकीच्या भिंतीतल्या सेन्सरच्या खिळ्यांवर कागद चिकटला की हे दिवे बेधडक खोटं बोलतात. आत्ताच रिकामी केलेली टाकी भरलेली दाखवतात. काका त्यांच्याकडे बघतही नाहीत. टॉर्च घेऊन वरून आत डोकावतात, आणि त्यांनी सांगितलेला अंदाज कधी चुकत नाही, हे काकूंनाही मान्य आहे.

पण काका खरे फुलतात ते डंप स्टेशनवर, म्हणजे टाक्या रिकाम्या करायच्या जागी. रविवारी सकाळी सगळे एकदम निघतात, त्यामुळे गाड्यांची रांग लागते. इतर लोक वैतागलेले असतात. काका मात्र उतरून रांगेच्या पुढच्या टोकाला जातात, कोण काय चुकतंय ते बघत. आपली पाळी आली की कोपरापर्यंतचे हातमोजे चढवतात. तीन इंची जाड पाइप आकड्यात अडकवून फिरवायचा, खट्‍ आवाज येईपर्यंत. मग ओढून बघायचा. पाइपाचं दुसरं टोक जमिनीतल्या भोकात घालून वर दगड ठेवायचा, कारण वेग आला की पाइप उसळतो. आधी ब्लॅक, मग ग्रे, म्हणजे साबणाच्या पाण्याने पाइप आपोआप धुतला जातो. हा क्रम उलटा केलेला दिसला तर काका अनोळखी माणसालाही हाक मारतात. आणि गाडीच्या बाजूला, पाइपाच्या सुरुवातीला, काकांची लाडकी वस्तू: पारदर्शक एल्बो. आरपार दिसणारं प्लास्टिकचं वळण. काय वाहतंय, कसं वाहतंय, स्वच्छ पाणी यायला लागलं की नाही, सगळं डोळ्यांनी बघता येतं. काका बघतात. शेजारच्यालाही बोलावून दाखवतात.

आणि शिवाशिव! पिण्याच्या पाण्याचा पांढरा पाइप डाव्या कप्प्यात, धुण्याचा उजव्या. एकाच्या तोंडाला दुसरा लागला की पांढरा बाद. उजव्या कप्प्यातून आलेला हात धुतल्याशिवाय दाराच्या कडीला लागता कामा नये. नातवाने एकदा चेंडू म्हणून त्या पाइपाचं झाकण उचललं, तर त्याला कपड्यांसकट आंघोळ घातली. कॉलेजात फिजिक्स शिकून आल्यावर हेच काका आपल्या आजीच्या सोवळ्याची टर उडवत; आज ती आजी असती तर तिने त्यांना स्वयंपाकघराची किल्ली दिली असती.

नवशिक्यांसाठी काकांकडे एक कथा तयार असते, आणि ती शंभर टक्के खरी आहे. 8 ऑगस्ट 2004. शिकागोच्या किन्झी स्ट्रीट पुलावरून डेव्ह मॅथ्यूज बँडची एक बस चालली होती. पुलाला जाळीची फरशी. ड्रायव्हरने तिथेच टाकी सोडली. सुमारे 800 पौंड ऐवज. खाली नदीत इमारती बघायला निघालेली पर्यटकांची उघडी बोट होती. पुढे बँडने इलिनॉय राज्याला 2 लाख डॉलर देऊन प्रकरण मिटवलं. काका हे सांगताना आकाशाकडे बघतात, बोटीतल्या लोकांनी बघितलं असेल तसे, तोंड उघडं ठेवून. काकू म्हणतात, “तोंड मिटा.”

स्वतःची कथा काका सांगत नाहीत. ती काकूंकडून ऐकावी लागते. टाकी आतून धुवायला फवारा असतो, बाहेरून पाइप जोडला की तो सुरू होतो. फक्त व्हॉल्व्ह बंद असेल तर जवळून हलायचं नाही. काकांनी व्हॉल्व्ह बंद ठेवून फवारा सोडला, टाकी काठोकाठ भरून चांगली भिजवायची म्हणून, आणि तेवढ्यात मंडळाच्या हॉलच्या डिपॉझिटबद्दल फोन आला. डिपॉझिट हा विषय दोन मिनिटांत आटपणारा नाही. टाकीचा श्वास घ्यायचा पाइप थेट छपरावर निघतो. पुढचं काकू हातानेच दाखवतात.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात दोघं यलोस्टोनला गेले. काकांनी कितीतरी महिने आधी फिशिंग ब्रिजची जागा धरली होती, कारण अख्ख्या उद्यानात सांडपाण्याचा जोड मिळणारी तेवढी एकच. तिथून ते ‘ओल्ड फेथफुल’ बघायला गेले. गरम पाण्याचा कारंजा शंभर फुटांवर गेला, लोकांनी टाळ्या वाजवल्या. काकू म्हणाल्या, “याची वेळ तरी बोर्डावर लिहून ठेवतात.”

गेल्या हिवाळ्यात काका सांगलीला गेले होते. भावाच्या बंगल्याचा सेप्टिक टँक तुंबला होता. उपसणारी गाडी आली. भाऊ नाकाला रुमाल लावून गच्चीवर गेला. काका मात्र खाली उतरले, गाडीभोवती एक फेरी मारली, पाइपाचा व्यास विचारला, पंप किती ताकदीचा ते विचारलं. पाइप धरलेल्या पोराच्या हातात काही नाही हे बघून म्हणाले, “अरे, तुझे ग्लोव्हज कुठायत?”

“हायत की. साहेबाच्या कपाटात.”

काका तडक वर गेले, बॅगेतून कोपरापर्यंतच्या हातमोज्यांचा डबा काढून घेऊन आले, कुठली जोडी कशासाठी ते सांगितलं, ती काढताना आतली बाजू बाहेर कशी येते ते दाखवलं आणि मग झाकणाशी वाकून, आत कागद दिसत नाही हे चांगलं लक्षण आहे, असंही सांगितलं. पोरगं मोजे चढवता चढवता त्यांच्याकडे बघत होतं. शेवटी त्याने विचारलंच.

“काका, तुमी तिकडं अमेरिकेत ह्याच धंद्यात हाय का?”

गच्चीवरून भाऊ जोरात खोकला. काकांना काही सुचेना. चहाचा ट्रे घेऊन आलेल्या काकू म्हणाल्या, “आधी नव्हते. रिटायर झाल्यावर लागले. घे, चहा घे.”